डीपीपासून कॉटपर्यंत

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या वस्तीवर डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंत आलेली वायर फार जुनी होती. उसावरून, लिंबाच्या फांद्यांतून आलेली आणि जागोजागी जोड दिलेली. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडायचा. इतकी वर्षं ते चालून गेलं. मग सासऱ्यांची फुप्फुसं थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेचा दाब उतरला की ते शिट्टी मारून बंद पडायचं. नवी जाड केबल टाकायचं ठरलं. काम होईपर्यंत डीपी बंद राहणार होता. तेवढा वेळ सासऱ्यांना सिलिंडरवर काढायचा होता, आणि भरलेला सिलिंडर एकच मिळाला.

मी सवयीप्रमाणे यादी केली. वायरमनची वेळ, केबल, ती जमिनीखालून न्यायला ठिबकचा काळा पाइप, भिंतीला भोक पाडायला गवंडी, ते बुजवायला सिमेंट. सासरे कॉटवरून बघत होते.

"माझा नंबर कितवा हाय यादीत?"

"पहिला, आबा."

"मग ठीक. मला वाटलं सिमिटाच्या खाली घातलंय."

सकाळी डीपी बंद झाला. पाइप पटकन गाडला गेला. खोळंबा झाला तो भिंतीपाशी. दगड-मातीची, हातभर जाड भिंत. ड्रिलनं दगड हलतील म्हणून गवंडी पाणी शिंपडत पहारीनं कोरत होता. मधोमध मोठा धोंडा लागला. भोक बाजूला सरकवून पुन्हा सुरुवात केली. आतून ओली माती ओंजळ-ओंजळ निघत होती आणि तिच्यात गव्हाचं काड होतं. सासूबाई म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या त्या साली हा चिखल तुडवला, त्यांनी स्वतः. काड अजून पिवळंधमक होतं, कालच मळणी झाल्यासारखं. मी ते तळहातावर घेऊन नुसती बघत राहिले. घड्याळाकडे न बघता मी सहसा उभी राहत नाही.

भानावर येऊन सिलिंडर पाहिला तर काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

केबल आत आली, बोर्डाला जोडली. डीपीकडे निघताना वायरमन म्हणाला, केबलची काळजी नाही, पण सगळ्यांचे ऑटो लावलेले असतील. ऑटो म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप उठवणारं डबडं. शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आमच्याकडे ते कुणी काढत नाही. डीपी चालू होताच सगळ्या मोटारी एकदम उठणार, दाब कोसळणार आणि मशीन पुन्हा शिट्टी मारणार. माझ्या यादीत हे नव्हतंच. आता कुठल्या विहिरीवर आधी पळू?

मी अंगणात आले. शेजारचे एक शेतकरी बांधावर उभे होते.

"वहिनी, ऑटो काढलेत समद्यांनी," ते म्हणाले. "आदी आबांचं मशीन धरू द्या. तुमी हात करा, मग आमी एकेक टाकतो."

त्यांच्या मागे पाहिलं. उसाच्या कडेकडेनं, प्रत्येक विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपाशी कुणी ना कुणी उभं होतं. मी त्यांना फक्त डीपी बंद राहील एवढंच कळवलं होतं. हे कुणी कुणाला सांगितलं, मला आजही माहीत नाही.

लाईट आली. लाईट असताना आमचं शिवार इतकं गप्प मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या शांततेत मशीनची घरघर तेवढी सुरू झाली. सासूबाईंनी नळी सिलिंडरवरून मशीनला लावली. आबांची छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. ओठांवरचा निळसरपणा हळूहळू ओसरला. मी दारात जाऊन हात वर केला.

पहिली मोटार उठली. तिचा आवाज स्थिरावला, तेव्हाच दुसरी उठली. मग तिसरी, लांबची. बल्ब हलला नाही. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि पुटपुटत होते, ही बांधावरची, ही वरच्या मळ्यातली, हिचं बेअरिंग गेलंय. बाहेरचे सगळे आपापल्या पाण्यामागे निघाले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आपली ऱ्हायली की," ते सासूबाईंना म्हणाले. "ऊस वाळवायचाय व्हय?"

सासूबाई पदर खोचून विहिरीकडे निघाल्या.