मले सल्फा चालत नाई

कोणी गोळी तोंडात टाकताना दिसलं की ती तळहात पुढं करायची. "एक मले दे ना." जसा काही प्रसादच. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात ही माझी शेजारीण होती. "तुले लागू पडली, मंग मले काऊन नाई पडनार?" असं तिचं डॉक्टरकीचं ज्ञान.

एकदा समोरच्या सुनेला लघवीच्या जळजळीवर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सून बरी झाली. हिलाही तोच त्रास, म्हणून उरलेल्या हिनं खाल्ल्या. काही दिवसांत ओठ फुटले, तोंड सोललं, अंगभर भाजल्यासारखे फोड आले. चंद्रपूरच्या दवाखान्यात कशीबशी वाचली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, सल्फाचं औषध पुन्हा पोटात गेलं तर जीव जाईल. कुठंही गेलात तरी आधी हे सांगायचं." तसं लिहिलेलं कार्डही दिलं.

दुसऱ्याच्या गोळ्या मागून खाणं सुटलं. पण कार्ड कमरेला खोचून ती धानाच्या रोवणीला गेली आणि चिखलात त्याचा लगदा झाला. औषधाचं नाव काही तिच्या ध्यानात राहीना, दर वेळी मला विचारायची. मग ती मला बाजारात गोंदणारणीकडं घेऊन गेली. मी चौथी शिकलेली.

"लिव, मले सल्फा चालत नाई."

"'मले' राहू दे. तेवढ्याच सुया कमी."

"मंग कोनाले चालत नाई, ते कसं समजंल?"

मी पेनानं हातावर लिहिलं, गोंदणारणीनं त्यावरून सुया टोचल्या. माझं अक्षर वाकडं, तेही तसंच उतरलं.

नवरा भडकला. "माह्यं नाव नाई गोंदलं, आन गोळीचं गोंदलं?"

"तुमच्यानं मले फोड थोडीच आले!"

पुढं लेकीकडं गडचांदूरला ती तापानं फणफणली, बरळायला लागली. लेकीनं दवाखान्यात नेलं, पण घाबरून सांगायचं विसरली. लिहून दिलेल्या औषधांत नेमकं तेच होतं. सलाईनसाठी नर्सनं हात हातात घेतला, वाचलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. औषध बदललं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. म्हातारपणानं, झोपेत. मी रडले नाही, भरपूर जगली होती.

आंघोळ घालताना एक बाई म्हणाली, "सारं इथीच राह्यते. संग गोंदनच जाते."

"बरं हाय," मी म्हणाले. "तिथले डॉक्टर कसे हायेत, कोनाले मालूम."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी तिचा हात कोरडा पुसला आणि छातीवर ठेवला, अक्षरं वर येतील असा.