चिवड्याच्या डब्यातल्या पुड्या

"तुमच्या भावाला एपिलेप्सी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फिट येण्याचा आजार. परळच्या इस्पितळात तीन दिवस बाकड्यावर बसून माझ्या पदरात एवढंच पडलं. आधी ईईजी झाला. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, दुखतबिखत नाही. तरी बाळू माझा हात सोडेना. पंचावन्न वर्षांचा घोडा!

"सोडियम व्हॅलप्रोएट, दोन वेळा. एकही चुकवू नका, नाहीतर पुन्हा फिट येईल."

बाळू कणकवलीकडे गावी राहतो. तिथे ही गोळी मिळाली तर मिळाली. म्हणून दर महिन्याला लालबागहून मी पाठवायचं ठरलं.

कुरियरच्या काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "मावशी, डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स लागेल. आणि गोळ्या पाकिटातून काढू नका हां." दिसायला बारावी नापास. मी शाळेत तीस वर्षं हेडक्लार्क, आणि हा मला शिकवणार! पार्सल उचलून घरी आले.

बाळूला इंग्रजी नावं कुठली वाचता यायला? मी सगळ्या गोळ्या फॉइलमधून काढल्या, कागदाच्या पुड्या बांधल्या, वर 'सकाळ', 'रात्र' लिहिलं आणि चिवड्याच्या डब्यात खोचल्या. दुसऱ्या कुरियरवाल्याला खाऊ आहे म्हणून सांगितलं. स्वतःवर फार खूश होते.

रोज फोन करायचे. "घेतलीस?"

"घेतलंय, ताई."

"नीट घे. चौथीपासून तुला एक काम धड जमलेलं नाही."

तीन आठवड्यांनी बाळू न्हाणीत फिट येऊन पडला. खांदा निखळला. भावजय त्याला पुन्हा परळला घेऊन आली आणि डॉक्टरांपुढे तिने डबा उघडला. पुड्यांत गोळ्यांचा चिकट लगदा झाला होता. बाळू तो कागदावरून खरवडून, निघेल तेवढा खात होता.

"ही गोळी हवेतला दमटपणा ओढून घेते," डॉक्टर म्हणाले. "फॉइलमधून काढायची ती तोंडात टाकतानाच. कोणी काढल्या?"

"मी."

बाहेर येऊन मी बाळूवरच ओरडले, "मग सांगायचं नाही?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुका कसा सांगतलंय? तू माकाच येडो ठरवतलंस."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही कोणाला औषध पाठवत असाल, तर फॉइलला हात लावू नका, चिठ्ठी जोडा, आत औषध आहे हे खरं सांगा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझा नुसता बैल गेला असता तर चाललं असतं, मी भाऊ घालवत होते.

आता गोळ्यांचं आणि चिवड्याचं पार्सल त्या चष्मेवाल्याकडूनच जातं. तो झेरॉक्स मागायच्या आधी मी पुढे करते. फोनवर "घेतलीस?" विचारून झालं की "काही बिघडलंय का?" हेही विचारते आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवते. फार जड जातं.

परवाही तसंच विचारलं. बाळू म्हणाला, "गोळ्यो बऱ्यो असत. पण ताई, तुझो चिवडो खवट लागता गो."

मी फोन ठेवला आणि रडले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावं ठेवली होती.