झाकणमामा

अनोळखी माणसाच्याही कंठमण्यावर दोन बोटं टेकवून मामा म्हणायचे, "गिळा." पंगतीत तोंडात घास असताना बोलणाऱ्याची यातून सुटका नसे. मामा अकोल्याचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. कान आणि नाक पोटापाण्यासाठी, जीव घशावर. दर्यापूरकडचे नातलग त्यांना झाकणमामाच म्हणत.

झाकण म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेला पानासारखा लवचीक पडदा. श्वास घेताना तो उभा असतो. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, पडदा मागे लवून श्वासनलिकेचं तोंड झाकतो आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. मामा हे रोडग्यांच्या, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पंगतीत समजावत. "वाढपी आला का तुमी पत्रावळीवर हात आडवा धरता ना? तसंच हाये. बोलाले लागले का हात उचलल्या जाते. मंग वरण कुठं जाईन?"

"तुमच्या सदऱ्यावर," मामी म्हणायची. "दुनियेले शिकवता अन् सोता बोलूनच राहिले."

खरं होतं. हे सांगतानाही त्यांच्या तोंडात वांग्याची भाजी असे आणि ठसका त्यांनाच लागे. मामी पाठीवर थोपटत म्हणे, "कोनी आठवण काढली असन." मामा डोळे पुसत चिडत, "झाकणाले आठवणीचं काय घेनंदेनं!"

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, गिळणं मंदावलं, पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरू लागलं. नाकातून नळी घातली. मामा भेटायला येणाऱ्याला एकच विचारत, "रोडगे कधी?" नळी निघाल्यावर परवानगी मिळाली, पण अटींवर: हनुवटी छातीशी, लहान घास, वरण घट्ट, आणि तोंडात घास असताना एक शब्द नाही.

"ही शेवटची अट कोनं घातली?"

"तुमच्याच विद्यार्थ्यानं," मामी म्हणाली.

दर्यापूरच्या पंगतीत सगळे जेवण सोडून मामांचा गळा पाहत होते. मामांनी वरणात कुस्करलेल्या रोडग्याचा घास घेतला, मान खाली घातली. तेवढ्यात वाढपी आला. "डॉक्टरसाहेब, अजून वरण!" आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. उजवा हात हलेना, डाव्यात चमचा. नको म्हणायला मामांनी ओठ उघडले.

"बोलू नका!" मामी ओरडली आणि तिनं आपला तळहात त्यांच्या पत्रावळीवर धरला. गरम वरण तिच्या बांगड्यांवर सांडलं. मामांचा कंठमणी वर गेला, खाली आला. मग ते बोलले, "पाहा. झाकण असं असते."

"हो," हात झटकत मामी म्हणाली. "अन् ते बोलत नसते."

यंदा मामा गेले. झोपेत, हृदयविकारानं. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाला मामी आधी एवढंच सांगत होती, "घशानं नाही गेले, बरं."