पात्यावर फोडलेला नारळ

आमच्या घरी काही मोडलं की सगळे ते लपवायचे, कारण नवं आणायला पैसा नसायचा. त्या घरातला मी पहिला पदवीधर. म्हणूनच, इंजिन बंद पडून एक छोटं विमान बोरी अरबजवळच्या मोकळ्या वावरात उतरलं, तेव्हा वैमानिक पोरीशी इंग्रजीत बोलायला गावानं मलाच बोलावलं.

पोरगी वाचली म्हणून बायांनी विमानाला हळदीकुंकू लावलं. एका धिप्पाड बाईनं तर पंख्याच्या लाकडी पात्यावरच नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं इंजिन दुरुस्त केलं. आता विमान उडणार, तेवढ्यात तीच बाई पदर खोचून गर्दीतून पुढे निघाली. मागून तिचा दीर ओरडला, "वयनी, चूप राय! पोलीस नेतीन तुले!"

"नेतीन त नेतीन. आयतं जेवन त भेटीन!" असं म्हणून ती पोरीसमोर उभी राहिली. "माय, काल नारळ म्या फोडला. पात्याले चीर गेली वाटते. पाहून घे, मंग उड."

मी ते पोरीला इंग्रजीत सांगितलं. मेकॅनिकनं पात्यावरून बोट फिरवलं. केसाएवढी चीर होती. त्यानं विमानाची चावी काढून घेतली.

नुकसान सांगताना मान खाली जाते, असं मला वाटायचं. तिची मान ताठ होती.

पुढे नवं पातं आलं, आणि पोरगी यवतमाळच्या धावपट्टीवर सुखरूप उतरली.