हफ्र अल बातिनमधलं कूळ

आमचे फकरुद्दीन मामू कुणावरही विश्वास टाकत, पण जागेच्या बाबतीत सख्ख्या भावावरही नाही. याला कारण त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा. ते रत्नागिरीकडे खोताचं कूळ होते. खोताने कितीदा उठवायला पाहिलं तरी ते शेतावरून हलले नाहीत, आणि कूळकायदा आला तेव्हा जमीन त्यांच्या नावावर झाली. मामूंनी त्यातून जन्माचा धडा घेतला, जागेवर बसून राहायचं.

हीच अक्कल घेऊन ते सौदीत आले. हफ्र अल बातिनला आपले कफील, म्हणजे व्हिसा देणारे आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवणारे मालक, अबू नायफ यांच्या मोकळ्या जागेत त्यांनी शिलाईचं दुकान घातलं. आधी पत्र्याचं, मग विटांचं, आणि पुढे चक्क कोकणातल्यासारखी पडवी. कष्ट सगळे मामूंचे, पण परदेशी माणसाच्या नावावर तिथे एक वीटही होत नसे. मी रियाधला ड्राफ्ट्समन, जागांचे नकाशे काढूनच पोट भरतो. त्यांना बजावून बजावून थकलो, "मामू, इथं कूळकायदा नाय." ते हसायचे. "इतकी वर्सं बसलोय. आता कोन उठवतो माना?"

नव्वद साली कुवेत पडलं आणि बघता बघता सरहद्दीजवळचं हे गाव ओळखू येईना. बकऱ्यांच्या बाजारात लष्कराचे ट्रक उभे राहिले, गल्लीत देशोदेशीचे सैनिक हिंडू लागले. अरबी पायघोळ थोब शिवून घेणारी जुनी गिऱ्हाइकं पांगली. वर्दीवर नावाच्या पट्ट्या लावायला मात्र मामूंच्या दारात रांग लागली. आपल्याकडची माणसं भराभर घरी परतत होती.

त्यातच कोकणातून कळलं, सफूरा मामीने अंथरूण धरलंय. अबू नायफ स्वतः दुकानात आले. मामूंचा पासपोर्ट, जाऊन परत यायच्या व्हिसासकट, त्यांच्या हातात ठेवून म्हणाले, "यल्ला, घरी जा. बायकोजवळ बस. दुकान मी बघतो."

झालं, मामूंच्या डोक्यात किडा शिरला. एवढा चांगुलपणा कशासाठी? मी फोनवर रागावलो, विनवण्या केल्या.

"तुला कलत नाय," ते म्हणाले. "दार लावून गेलो, का मागनं दुसरा बसला समज. सफूराला सांग, जरा निवलं का येतो."

निवलं नाहीच. जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली, विमानं बंद झाली, आणि आता जायचं म्हटलं तरी वाट उरली नाही. मामू काचांना चिकटपट्ट्या लावून दुकानातच झोपत. मामी त्याच दिवसांत गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं आईने मला सांगितलं. मामूंचा इतका संताप आला होता, तरी ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

लढाई संपल्यावर मी त्यांना भेटायला गेलो होतो, तेव्हा अबू नायफ आले. पडवीत बसले. मग म्हणाले, लष्करी तळाकडे जाणारा रस्ता रुंद होणार आहे, ही सगळी ओळ पाडणार. त्यांच्या वडिलांचं घरही त्यातच जात होतं. मामूंना दुसऱ्या गल्लीत गाळा द्यायला ते तयार होते.

मला वाटलं, मामू आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी फक्त विचारलं, "मी तेव्हा घरी गेलो असतो, तर?"

अबू नायफना प्रश्नच उमगला नाही. "तर काय? परत आला असतास. दुकान तुझं तुला दिलं असतं. रस्ता तरीही इथूनच गेला असता."

ते गेल्यावर मामू मशीनपाशी जाऊन बसले.

"म्हंजे मी गेलो असतो तरी चाललं असतं," ते मला म्हणाले. मग "सफूरा, सफूरा" करत लहान पोरासारखे रडू लागले. मी त्यांना थांबवलं नाही.