आमच्या साडूंची भिंत

ज्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, ते काम देवाने खास आपल्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, अशी आमच्या मोठ्या साडूंची पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात त्यांनी एका राईस मिलमध्ये धानाचं वजन करण्यात घालवली. त्या कामाबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नाही. अभिमानाने सांगत ते भलतंच. घरचा नळ आपण स्वतः दुरुस्त केला, हे सांगत; त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पाणी मिळालं नाही, हे सांगत नसत. एकदा त्यांनी स्वतःचे केस स्वतःच कापले आणि पुतण्याच्या लग्नातले सगळे फोटो टोपी घालून काढले. माझ्या बायकोला स्कूटी शिकवली तीही त्यांनीच, स्वतःला येत नसताना. ती मागे न पाहता शिकली. ते अजून मागेच बसतात आणि मागूनच ब्रेक कधी दाबायचा ते ओरडून सांगतात. "मले येत नाही म्हणून शिकवू नये का जी?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं.

त्यांचं घर गोंदियाजवळ कुडव्याला आहे. खाली तळघर, वर ते दोघं, त्याच्यावर भाडेकरू. मुलगा रायपूरला नोकरीत. तळघराला रस्त्यावरून गाडी उतरवायला एक उतार आहे, पण साडूंकडे गाडी कधी आलीच नाही. तिथे भाडेकरूंच्या मोटरसायकली, जुनी पोती आणि एक बिनचाकाची सायकल असा संसार होता.

मग ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड जरासं एकीकडे ओढलं गेलं आणि बोलणं असं झालं, की एक शब्द आला तर दुसऱ्याची वाट पाहत बसावं लागे. ताई मूळच्या सालेकशाकडच्या, झाडांच्या सावलीत आणि मातीच्या घरात वाढलेल्या. वरच्या खोलीच्या भिंती उन्हाळ्यात तव्यासारख्या तापायच्या. कूलर लावला की त्यांचा गेलेला हात ठणकायचा. पायऱ्या तर आता जन्मात उतरता येणार नव्हत्या. चौघांनी उचलून खाली आणावं लागे, आणि त्या वेळी ताई लाजेने डोळे मिटून घेत. साडूंनी हे सगळं पाहिलं आणि ठरवलं, की तळघरात एक खोली करायची. तिथे गारवा असतो आणि उतारावरून चाकांची खुर्ची सरळ रस्त्यावर नेता येते. फक्त उघड्यावर, मोटरसायकलींच्या मधे, ताई झोपल्या नसत्या. म्हणून भिंती हव्यात. आणि भिंती बांधणार कोण, हे सांगायला नको.

गोंदियाच्या बाजारात सामान आणायला त्यांच्यासोबत मीही गेलो होतो. विटांचं वजन नको, म्हणून पत्र्याचे चॅनल, म्हणजे खांबासारख्या पट्ट्या, उभे करून दोन्हीकडून जिप्समचे बोर्ड ठोकायचे, असं त्यांनी मोबाइलवर पाहून ठरवलं होतं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "अंकल, आप टेन्शन मत लो, मिस्त्री को भेज दो. मैं उसको समझा दूँगा." साडू ताठ झाले. "समझाओ. मैं ही मिस्त्री हूँ." दुकानदाराने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी एका ठिकाणी तळघराची उंची मोजली आणि त्या मापाने सगळे चॅनल कापून टाकले. तळघराची जमीन पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरती असते, हे नंतर कळलं. एका टोकाला चॅनल छताला पोचेनात, दुसऱ्या टोकाला उभे राहीनात. पुढे कधीतरी एका भिंतीला दोन्हीकडून बोर्ड लावून झाले आणि मग मोजायचा टेप सापडेना. तो भिंतीच्या पोटात राहिला होता. भिंतीला कान लावून ती हलवत साडू म्हणाले, "आतमंदीच आहे. वाजून राहिला." आणि नवा टेप आणायला निघाले.

या सगळ्या वेळात ताई खुर्चीत बसून असत. रोज सकाळी भाडेकरूंच्या मदतीने त्यांना खाली आणायचं, बाजूला पाण्याची बाटली ठेवायची आणि काम सुरू. सुरुवातीला त्या नुसत्या पाहत. झटका आल्यापासून त्या कुठेच लक्ष देत नव्हत्या. टीव्ही लावला तरी नजर भलतीकडे असे. पण नवऱ्याचं बांधकाम त्या टक लावून पाहत. साडू बोर्ड धरून विचारत, "सरळ आहे का वो?" आणि बऱ्याच वेळाने, ओढाताण करून शब्द यायचा, "वा...कडी."

"वाकडी तं वाकडी," साडू म्हणायचे. "तोंड तुझं वाकडं, भिंत माझी वाकडी. आता कोन कोनाले नावं ठेवते?"

मी चपापलो. ताईंना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा भिंतीकडेच बोट दाखवलं.

मग तो दरवाजाचा दिवस आला. भिंतीत दरवाजाची जागा सोडून झाली होती आणि मी त्या रविवारी मुद्दाम पाहायला गेलो होतो. साडूंनी खुर्ची मागून धरली, "चाला, गृहप्रवेश," म्हणाले आणि ताईंना घेऊन दणक्यात निघाले. खुर्ची दरवाजात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. जिच्यासाठी खोली बांधली, तिची खुर्ची तेवढी मोजायची राहिली होती. साडूंचा चेहरा असा उतरला, की मला पाहवेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कसला तरी घुसमटल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघे घाबरून खुर्चीवरून पुढे वाकलो. ताई हसत होत्या. अर्ध्याच चेहऱ्याने, डोळ्यांतून पाणी गळत, खांदा हलत, हसत होत्या. झटक्यानंतर त्या पहिल्यांदा हसत होत्या. साडू दरवाजापाशीच जमिनीवर बसले आणि तेही हसायला लागले.

त्या संध्याकाळी साडूंच्या मोबाइलवर रायपूरहून मुलाचा फोन आला. मीच घेतला. "काका, बाबांना सांगा ना, मिस्त्री लावा. एवढ्याशा कामाला किती महिने?" मी निरोप दिला. साडू स्क्रू वेचत होते. मान वर न करता म्हणाले, "मिस्त्री दोन दिवसांत करून चालला जाईल जी. मंग आमी दोघं दिवसभर काय करू?"

फोन अजून चालू होता. मुलाने ते ऐकलं असावं. पुन्हा त्याने मिस्त्रीचं नाव काढलं नाही.

दरवाजा रुंद झाला. भिंती जरा झुकलेल्या, पण उभ्या राहिल्या. पुट्टी लागत होती, तेवढ्यात एका सकाळी ताईंना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. होळी तोंडावर आली होती. तेरवी झाल्यावर मुलगा रायपूरला चला म्हणाला, साडू नाही म्हणाले. दरवाजाची फळी तळघरात भिंतीला टेकून उभी होती, पुट्टीचं घमेलं वाळून दगड झालं होतं. साडूंनी उताराच्या बाजूने जाणंच सोडलं. मी गेलो की आम्ही वर बसायचो. ते नळाकडे बघायचे नाहीत, मिक्सर बिघडला तर दुकानात नेऊन द्यायचे. येत नसलेल्या कामाला ते हात लावेनासे झाले, तेव्हा मला त्यांच्याबद्दल खरी भीती वाटली.

मे महिन्यात वरच्या भाडेकरूने, दवाखान्यात नर्स असलेल्या एका मुलीने, देवरीकडच्या गावातून आपली आई आणली. म्हातारी जंगलाच्या कडेला राहिलेली. गच्चीच्या तापलेल्या स्लॅबखाली ती दुपारी चक्कर येऊन पडली. नर्सने रडतच साडूंचं दार वाजवलं. ते उठून खाली गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तळघरातून ड्रिलचा आवाज येत होता म्हणे.

पुढच्या रविवारी दुपारी मी गेलो, तर वर कोणी नव्हतं. नर्स जिन्यातच भेटली. "काका खाली आहेत. हा चहा घेऊन जाता का?" मी कप घेऊन उतारावरून खाली गेलो. खोलीला दार लागलं होतं, ते जरासं उघडं होतं. आत खाटेवर म्हातारी भिंतीला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. साडू दिसेनात. मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो.

ते तिथे उभे होते. दोन्ही तळहात भिंतीला लावून, पाय रोवून.

"भाऊ, काय करून राहिले?"

"हळू बोला," ते कुजबुजले. "भिंत धरून राहिलो."

"पडते का?"

"नाही. पण हिले आजपर्यंत कोनी टेकलंच नव्हतं ना जी."

त्यांचे डोळे भरलेले होते आणि हात भिंतीवरून काढता येत नसल्याने ते पुसताही येत नव्हते. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी भिंतीला हात लावून उभा राहिलो. बोर्डाच्या पलीकडून म्हातारीच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तिच्या श्वासाबरोबर भिंत अगदी थोडीशी, हाताला जाणवेल न जाणवेल इतकी, थरथरत होती.