अकरा रिकाम्या ओळी

वडील गेल्यावर उज्वला शेटेचे शनिवार-रविवार मोकळे झाले. बारा वर्षांपासून ती किनवट तालुक्यातल्या एका मुलींच्या निवासी शाळेत नर्स होती आणि सुट्टी मिळाली की अहमदपूरला घरी जायची. वडील, अण्णाराव, दार उघडून "आलीस का बाई" एवढंच म्हणायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. ते गेले, पुण्याच्या भावानं घर भाड्यानं देऊन टाकलं, आणि अहमदपूरला जायचं कारणच उरलं नाही.

शाळेतले शिक्षक संध्याकाळी जीपनं किनवटला परतत. उज्वला मात्र वसतिगृहाला लागून असलेल्या एका खोलीत राही. मागच्या दारापासून सागाचं रान सुरू व्हायचं. दिवसभर मुली "सिस्टर, सिस्टर" करत. तिचं नाव उज्वला आहे, हे त्यांच्यातल्या किती जणींना माहीत होतं कोण जाणे.

लातूरला डेटा अॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा वर्ग आहे, महिन्यातून दोनदा शनिवारी यायचं आणि बाकी फोनवर शिकायचं, असं तिनं कुठंतरी वाचलं आणि पैसे भरून टाकले.

"चाळिशी उलटल्यावर हे शिकून काय करणार तुम्ही?" मुख्याध्यापिका पुनम मॅडमनी विचारलं.

"काही न्हाई मॅडम. बारा वर्षं नुसते आकडे लिहिले. ते काय सांगतात ते तरी कळंल."

पहाटेच्या गाडीनं किनवटहून नांदेड, तिथून एस.टी.नं लातूर. बस अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. लोक चहाला उतरत. उज्वला खिडकीशी बसून राही.

वर्गात सगळी विशीतली पोरं. ती मागच्या बाकावर एकटी. शिकवणारे शिवप्रसाद सर पन्नाशीचे, मऊ बोलणारे. पहिल्या दोन शनिवारी तिला काहीच उमगलं नाही. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची, म्हणून ती सकाळी मुली उठायच्या आत टाकीच्या कट्ट्यावर बसून धडे ऐकू लागली. प्रमाण विचलन म्हणजे सरासरीपासून प्रत्येक जण किती लांब उभा आहे त्याचं माप, असं सरांनी एका धड्यात सांगितलं. हे तिला एकदम कळलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

फेब्रुवारीत सरांनी प्रत्येकाला स्वतःची माहिती आणायला सांगितली. उज्वलानं तिचं रजिस्टर नेलं. सहावी-सातवीच्या साठ मुलींचं रक्त तिनं जुलैत तपासलं होतं आणि मग जानेवारीत पुन्हा. मधे दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेनं रोज शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. जुलैत हिमोग्लोबिनची सरासरी नऊ पूर्णांक चार होती, जानेवारीत नऊ पूर्णांक नऊ झाली. लाडवाचे पैसे देणाऱ्या संस्थेला शाळेनं तसा अहवालही पाठवला होता. लाडवाचं सगळ्यांनाच कौतुक होतं, उज्वलाला तर जास्तच. शेंगदाणे तीच भाजून घ्यायची.

"छान माहिती आहे," सर म्हणाले. "पण नुसत्या दोन सरासऱ्या लावू नका. प्रत्येक मुलीची जुलैची आणि जानेवारीची जोडी लावा. तीच मुलगी आधी आणि नंतर."

तिनं संगणकावर जोड्या लावल्या. एकोणपन्नास लागल्या. अकरा ओळींत जानेवारीचा रकाना कोराच होता.

"ह्या मुली दिवाळीला घरी गेल्या त्या परत आल्या न्हाईत सर."

"मग रिकाम्या ओळी काढून टाका. त्याशिवाय जोड्यांची तुलना चालायची नाही."

उज्वलानं एकेक ओळ निवडली. पुसण्याआधी तिची नजर जुलैच्या आकड्यांवर गेली. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक नऊ. सात पूर्णांक चार. अकराही जणी सगळ्यात अशक्त. तिनं उरलेल्या एकोणपन्नास जणींची जुलैची सरासरी वेगळी काढली. ती तेव्हाच नऊ पूर्णांक आठ होती. म्हणजे सहा महिन्यांत एका दशांशाची वाढ. एकाच मुलीचं रक्त दोनदा तपासलं तरी उज्वलाच्या यंत्रावर त्याहून जास्त फरक यायचा.

रक्त वाढलंच नव्हतं. अशक्त मुली निघून गेल्या होत्या, म्हणून सरासरी वर आली होती.

सर तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले.

"मी काढून टाका म्हणालो," ते हळूच म्हणाले. "नका काढू."

सोमवारी तिनं पुनम मॅडमना हिशोबाचा कागद दाखवला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"अहवालातली सरासरी चुकीची आहे का?"

"चुकीची न्हाई. बरोबरच हाय."

"मग आपण खोटं काय बोललो?"

मॅडम वाईट नव्हत्या. मुली गळाल्या की त्याही गावोगाव निरोप धाडत. पण संस्थेच्या लोकांपुढं आता हे कसं मांडायचं, ते त्यांनाही कळत नव्हतं. त्यानंतर त्या तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत उज्वला गेली की बोलणं थांबायचं. मग तिनं दुपारचा डबा आपल्या खोलीतच खायला सुरुवात केली.

मार्चपासून ज्या रविवारी लातूरहून परतायचं नसे, त्या रविवारी ती यंत्राची पेटी घेऊन निघू लागली. पत्ते रजिस्टरात होते.

"एवढ्या उन्हाचं कुठं जाऊन राहिल्या सिस्टर?" जीपवाला विचारायचा.

"मुली बघाया."

एकेका पाड्यावर अर्धा दिवस जायचा. कुणी धाकट्या भावंडांना सांभाळत होती, कुणी मोहाची फुलं वेचायला गेलेली. लक्ष्मम्मा आणि तिची चुलत बहीण सापडल्या नाहीत. आईबापाबरोबर तेलंगणात कामाला गेल्या, कुठल्या गावी ते शेजाऱ्यांना सांगता येईना. बाकी नऊ जणींचं रक्त तिनं तपासलं. एक सोडून सगळ्यांचं जुलैपेक्षा खाली गेलं होतं.

गंगम्मा तेरा वर्षांची. जुलैत तिचंच सात पूर्णांक एक होतं. ती दाराशी गोधडीवर पडून होती, नखं कागदासारखी पांढरी. आकडा आला पाच पूर्णांक आठ. उज्वलानं यंत्र पुसून पुन्हा तपासलं. तोच आकडा.

"शाळेत का आली न्हाईस गं?"

"जिना चढवत नव्हता," गंगम्मा म्हणाली. "दम लागायचा. पोरी हसायच्या."

वर्ग वरच्या मजल्यावर होता. दिवाळीपर्यंत रोज उज्वला खाली, त्याच जिन्याशेजारच्या खोलीत बसत होती.

त्याच दुपारी तिनं गंगम्माला आणि तिच्या आईला जीपमध्ये घातलं आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या रक्त चढलं. उज्वला चार दिवस तिथंच व्हरांड्यात राहिली. आईला तेलुगू येत होती आणि थोडीशी मराठी, उज्वलाला तेलुगूतले चार शब्द. दोघी एका बाकावर बसून राहायच्या. डब्यातली भाकर आई अर्धी मोडून न विचारता उज्वलाच्या हातात ठेवायची. वडील गेल्यापासून कुणी तिला असं वाढलं नव्हतं.

जूनमध्ये तिनं लातूरला आपलं काम सादर केलं. अठ्ठावन्न जोड्या धरल्या तर फरक जवळजवळ शून्य, असं तिनं लिहिलं होतं. त्याखाली न सापडलेल्या दोघींची नावं होती आणि पुढं 'माहिती मिळाली नाही'. पोरांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, "मॅडम, तुमचा लाडू मग फेल गेला का?"

"तसंबी म्हणता येत न्हाई," उज्वला म्हणाली. "ज्यांना त्याची खरी गरज, त्यांनी तो खाल्लाच न्हाई."

प्रमाणपत्र पोस्टानं आलं. त्याचा फोटो तिनं काढला, फोनमधल्या नावांवरून वर-खाली बोट फिरवलं आणि फोन ठेवून दिला.

शाळा उघडली तेव्हा नऊपैकी चौघी परत आल्या. उज्वलानं जिन्याचं सांगितल्यावर पुनम मॅडमनी सहावी-सातवीचे वर्ग खालच्या मजल्यावर आणले. संस्थेला दुसरा अहवाल गेला की नाही, ते उज्वलाला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

गंगम्मा शाळेत आली नाही. आता ती चालते-फिरते, पण आईला घरी माणूस लागतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उज्वला गोळ्या घेऊन पाड्यावर जाते, बोटातून थेंबभर रक्त घेते, आकडा वहीत लिहिते. मग तासभर गंगम्माच्या आईशेजारी ओट्यावर बसते. चारच्या सुमाराला टेकडीखालून जीपचा हॉर्न वाजतो आणि ती पेटी उचलून उतरू लागते.